सातची बाटली

राग माझ्या पाचवीलाच पुजलाय असं माझ्या सासूबाई म्हणतात, आणि त्या क्वचितच चुकीचं बोलतात. पण त्या सोमवारी मी भडकले त्यात माझ्या स्वभावाचा काही दोष नव्हता. समोर उभा असलेला माणूसच तसा होता.

त्याला आम्ही सगळे 'भिंगवाले' म्हणायचो. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग, पायात चकचकीत बूट आणि चेहऱ्यावर असा भाव, की पृथ्वीवरची सगळी झाडं याच्याच परवानगीनं उगवतात. पानांवर ठिपके का येतायत ते बघायला मालकांनी या तज्ज्ञांना मुद्दाम बोलावलं होतं. आमचा मळा म्हणजे एका जुन्या इमारतीचं तळघर. माती नाही, ऊन नाही, पाखरू नाही. ओळीनं लोखंडी मांडण्या, एकेका मांडणीला पाच कप्पे, कप्प्यांत पांढऱ्या पन्हाळी, त्यातून वाहणारं खताचं पाणी आणि त्या पाण्यात मुळं सोडून बसलेली लेट्यूस आणि बेसिलची रोपं. डोक्यावर जांभळट दिवे. पाणी एका मोठ्या टाकीतून पंपानं वर जातं आणि सगळ्यांना पाजून परत टाकीत येतं. त्या टाकीत काय घालायचं, किती घालायचं, पाणी किती आंबट ठेवायचं, हे माझं काम. सहा वर्षं मीच करत होते आणि सहा वर्षांत एक पान माझ्याकडे बोट दाखवू शकलं नव्हतं.

आणि आता दोन आठवडे ठिपके येत होते. खालच्या जुन्या पानांवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके, कडा पिवळ्या. वर मधल्या कोवळ्या पानांची टोकं करपलेली. मी पुस्तकं काढली, जुन्या टिपणवह्या काढल्या. साधा हिशोब असा असतो, की झाडाला काही द्रव्यं जुन्या पानातून काढून नव्या पानाला देता येतात. त्यांची कमतरता असली की आधी जुनी पानं खंगतात. मॅग्नेशियम त्यातलं. कॅल्शियम मात्र एकदा जिथं बसलं तिथं बसलं, ते हलत नाही. ते कमी पडलं की कोवळी पानं मरतात. इथं दोन्ही एकदम बिघडली होती. घरातला म्हातारा आणि तान्हं बाळ एकाच दिवशी आजारी पडावं तसं. मी मॅग्नेशियम वाढवलं, काही नाही. कॅल्शियम वाढवलं, काही नाही. पाण्याचा आंबटपणा मोजायचं मीटर म्हणत होतं पाणी उत्तम आहे.

भिंगवाले आले, बारा मिनिटं फिरले. मी घड्याळ लावून मोजली. एकही रोप उचलून त्यांनी मुळं बघितली नाहीत. पानाला भिंग लावलं, 'हंऽ' केलं, दुसऱ्या पानाला भिंग लावलं, परत 'हंऽ' केलं, आणि मॅनेजरकडे वळून म्हणाले, "विषाणू आहे. तंबाखूचा. कुणाच्या तरी हातून आलाय. इथं तंबाखू कोण खातं? सिगारेट कोण ओढतं?"

दारावर केवढी मोठी पाटी आहे. तंबाखू, सिगारेट, विडी बंद. कारण तंबाखूच्या पानातला रोग ओढणाऱ्याच्या बोटांवरून झाडाला लागू शकतो, हे खरंच आहे. पण पाटी आहे म्हणून रोग आहे, असं थोडंच असतं? उचलली जीभ लावली टाळ्याला!

मी तोंड उघडणार, एवढ्यात माझ्या लक्षात आलं की सगळे एकाच माणसाकडे बघतायत. माझ्या सासऱ्यांकडे.

बाबांची सिगारेट मळ्यात सगळ्यांना माहीत होती, कारण ती कशी सोडली हे बाबाच सगळ्यांना सांगत सुटायचे. नव्या माणसाला तर पहिल्याच दिवशी. बाबा अडुसष्ट वर्षांचे. उभा जन्म दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला. मग विजेवरचे काटे आले आणि बाबांच्या हातांना काम उरलं नाही. ते दिवसभर घरात बसून घड्याळं उघडायला लागले, चालू असलेली सुद्धा, तेव्हा मी त्यांना इथं घेऊन आले. स्पंजच्या चौकोनी तुकड्यात काडीच्या टोकानं एकेक बी टोचायचं काम. या वयातही त्यांचा हात हलत नाही. तासाला चारशे बिया, एकही वाकडी नाही.

आणि सिगारेट सुटली होती ती दोन वर्षांपूर्वी. सासूबाईंची फुप्फुसं बिघडली, श्वास लागून त्या दवाखान्यात पडल्या, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कुणाचाही मुलाहिजा न ठेवता सांगितलं की हा धूर बाईंचा नाही, यांच्या नवऱ्याचा आहे. बाबांनी तिथल्या तिथं खिशातलं पाकीट कचऱ्यात टाकलं. आई खाटेवरून म्हणाल्या, "शब्द?" बाबा म्हणाले, "शब्द." बास, एवढंच. आमच्या घरात शपथा-आणाभाका चालत नाहीत. बाबांनी शब्द म्हटलं की ते झालं.

म्हणून मी मोठ्यानं, मांडण्या वाजतील अशा आवाजात म्हणाले, "आमच्या बाबांकडे बघायचं कारण नाही. त्यांनी सोडून दोन वर्षं झाली."

बाबा हातातली काडी खाली ठेवून उठले.

"ओढतो मी," ते म्हणाले. "महिना झाला. मागच्या जिन्याखाली."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एप्रन काढला, घडी घातली, घडीची कड बोटानं दाबून सरळ केली आणि मॅनेजरच्या हातात दिला. मॅनेजर म्हणजे वाईट माणूस नाही, भित्रा माणूस आहे. त्याचा जीव भांड्यात पडल्याचं मला स्पष्ट दिसलं. कुणीतरी सापडलं होतं, आणि तो स्वतः नव्हता. भिंगवाल्यांनी तिथंच बसून अहवाल लिहिला. अर्धा मळा उपटून टाका, पन्हाळी धुवा, रोपं बाहेरून आणा. दुपारपर्यंत दारावर कागद लागला : तंबाखूसेवनामुळे पिकात रोग आणल्याबद्दल एका कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्यात आलं आहे. बियांच्या टेबलावर एकच माणूस बसायचा. नाव लिहायची गरजच नव्हती.

संध्याकाळी मी घरी पोचले तोवर बाबांनी आईंना स्वतःच सांगून टाकलं होतं. आई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मला बघून उठल्या. ताटं वाढली, बाबांचंही वाढलं, पण त्यांच्या ताटाकडे न बघता. मग आतल्या खोलीतली बाबांची गादी ओढत आणून बाहेरच्या खोलीत टाकली. मी मदतीला गेले तर हातानंच थांब म्हणाल्या. गादी ओढताना त्यांना धाप लागली आणि ती धाप ऐकून माझं डोकं आणखीनच फिरलं. या बाईचा श्वास ज्यानं घालवला, त्यानंच परत महिनाभर जिन्याखाली धूर काढावा? आणि रोज संध्याकाळी हिच्याशेजारी बसून चहा प्यावा?

माझा नवरा कामासाठी दुसऱ्या गावी असतो, महिन्यातून दोनदा येतो. तो असता तर कदाचित मध्ये पडला असता. नव्हता, त्यामुळे मी मोकळी होते.

बाबा जेवता जेवता हळूच म्हणाले, "सूनबाई, उद्या ती सातची बाटली नवीन उघड."

"तुम्ही मला आता काही शिकवू नका," मी म्हणाले. "आधी दोन वर्षांचा शब्द सांभाळायला शिका. मी सगळ्यांसमोर तुमच्या बाजूनं ओरडले. माझं थोबाड फोडलंत तुम्ही तिथं."

त्यांनी ताट संपवलं. परत बाटलीचं नाव काढलं नाही. आणि मी रागाच्या भरात ते कानाआड केलं, हे मला आज लिहायलाही लाज वाटते.

दोन दिवस आम्ही मळा धूत होतो. अर्धी रोपं कचऱ्यात गेली. हाताची सालं निघेपर्यंत पन्हाळी घासल्या. बुधवारी दुसऱ्या एका मळ्यातून तयार रोपं आली, हिरवीगार, एकही डाग नसलेली. ती लावली. मॅनेजर शीळ घालत फिरत होता. घरी बाबा बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपत होते आणि आई त्यांच्याशी फक्त 'जेवण झालंय' आणि 'दार लावा' एवढीच दोन वाक्यं बोलत होत्या. मी तर तेवढीही बोलत नव्हते.

पुढच्या सोमवारी सकाळी नव्या रोपांच्या खालच्या पानांवर मोहरीएवढे ठिपके होते.

ही रोपं बाबांनी बघितलीही नव्हती. मी मॅनेजरला बोलावलं. त्यानं पान बघितलं, घाम पुसला आणि म्हणाला, "रोग अजून हवेत असेल."

"हवेत?"

"म्हणजे असू शकतो ना. मी भिंगवाल्यांना फोन करतो."

असल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. त्यानं मला मालकांच्या केबिनमधून अहवालाची प्रत आणायला पाठवलं. मालक नव्हते. खिडकीशी टोमॅटोची दोन झाडं होती, पाहुण्यांना दाखवायला कुंडीत ठेवलेली. त्यांची निगा बाबाच राखायचे. रोज जाऊन फुटवे खुडायचे, दोरीला बांधायचे, तेही उघड्या हातांनी, कारण हातमोज्यात त्यांना दोरीची गाठ जमत नसे. पाणी साध्या नळाचं, वर बाटलीतलं तयार खत. आमच्या टाकीशी त्या झाडांचा संबंध नव्हता.

मी ती झाडं खालून वरून बघितली. एक डाग नाही, एक सुरकुती नाही.

तंबाखूचा विषाणू आधी टोमॅटोवर पडतो. ती एकाच कुळातली झाडं आहेत. प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट! महिनाभर धूर काढलेल्या बोटांनी रोज ज्याचे फुटवे खुडले, ते टोमॅटो ठणठणीत, आणि लेट्यूसला मात्र रोग? मी केबिनमध्ये उभी राहून भिंगवाल्यांना मोठ्यानं एक शिवी दिली. ती इथं लिहीत नाही. पण खरी शिवी मलाच द्यायला हवी होती. ही झाडं पहिल्या दिवशीही इथंच होती. मी बाबांवर रागावण्यात इतकी गुंतले होते, की माझं स्वतःचं कामच मी केलं नव्हतं.

मग मी कामाला लागले. रोप उपटून मुळं बघितली. आखूड, जाड, तपकिरी. अशी मुळं पाणी फार आंबट झालं की होतात. आणि पाणी फार आंबट झालं की झाड मँगनीज आणि लोह नको इतकं ओढून घेतं, ते जुन्या पानांत साठतं आणि तिथं तपकिरी ठिपके पडतात. त्याच वेळी कॅल्शियम घेणं कमी होतं आणि कोवळी टोकं करपतात. म्हातारा आणि बाळ, दोघांचा आजार एकाच कारणानं. सगळं जुळत होतं, फक्त एक गोष्ट सोडून. मीटर म्हणत होतं पाच पूर्णांक आठ. जसं हवं अगदी तसं; आकडा याहून खाली गेला की पाणी जास्त आंबट. वहीत सहा महिने रोज माझ्या अक्षरात पाच पूर्णांक आठ.

दुपारी मी कोपऱ्यावरच्या, शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या आणल्या. टाकीत बुडवली. रंग तक्त्याशी लावून बघितला. पाचाच्याही खाली. दुसरी बुडवली. तेच. मग नळाचं पाणी घेतलं. पट्टी म्हणाली सात, मीटर म्हणालं आठ.

मीटर खोटं बोलत होतं. पण मीटर स्वतःहून खोटं बोलत नाही. त्याला रोज सकाळी सांगावं लागतं की बाबा रे, सात म्हणजे एवढे. त्यासाठी विकतचा पिवळसर द्रव येतो, मोजून बरोबर सात. तीच सातची बाटली. वाटीत थोडा ओतायचा, मीटर बुडवायचं, आकडा सातवर आणायचा आणि वाटीतला द्रव फेकून द्यायचा.

मी फेकत नव्हते. मी तो परत बाटलीत ओतत होते.

अकरा महिने. रोज सकाळी. बाटली महाग, आणि मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणायचा, "बघा, ताई एक बाटली वर्षभर पुरवतात!" आणि मला ते गोड वाटायचं. मीटरचं टोक एरवी ज्या टोपीत बुडवून ठेवतात तिथला द्रव आंबट असतो. त्याचा एकेक थेंब रोज मीटरबरोबर वाटीत, वाटीतून बाटलीत. मी सातच्या बाटलीत पट्टी बुडवली. सहा. मी रोज सकाळी सहाला सात म्हणायला शिकवत होते, आणि मग मीटरनं पाच पूर्णांक आठ सांगितलं की खरं पाणी पाचाखाली असायचं. कपाटात नवीन बाटली सीलबंद पडली होती. काटकसर म्हणून.

'सूनबाई, उद्या ती सातची बाटली नवीन उघड.'

बाबांना माहीत होतं. मी खाली, टाकीच्या कठड्यावर बसले. त्यांना माहीत नसेल तर कुणाला असणार? काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे कसोटीची पितळी वजनं असतात, ती कधी माल तोलायला वापरत नाहीत, त्यांना नुसतं बोटही लावत नाहीत, फडक्यानं उचलतात. कसोटीची वस्तू झिजली की सगळ्या बाजाराचे काटे खोटे. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी मला विचारलंही होतं, "हे परत का ओततेस गं?" आणि मी म्हणाले होते, "बाबा, तुमच्या काट्यांचा जमाना गेला. यातलं तुम्हाला काय कळतंय?"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले. आई घरी नव्हत्या. बाबा बाहेरच्या खोलीत एक चालू घड्याळ उघडून बसले होते.

"तुम्ही सिगारेट ओढली नाहीत," मी दारातूनच म्हणाले.

त्यांनी घड्याळातून मान वर केली नाही. "बाटली तपासलीस वाटतं. मला वाटलंच होतं आठवड्याभरात शोधशील."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की. बाटली नवीन उघड म्हणून."

"असं सांगतात?" माझा आवाज शेजारच्या घरात गेला असणार. "तिथं सगळ्यांसमोर गप्प राहायचं होतंत! कुणी पुरावा मागितला होता? कशाला बोललात?"

"गप्प राहिलो असतो तर त्या माणसाचं म्हणणं तिथंच पडलं असतं," बाबा म्हणाले. "मग त्यांनी दुसरं कारण शोधलं असतं. पाणी तपासलं असतं, मीटर तपासलं असतं. बाटली तुझ्या हातची. माझं काय, बी टोचायचं काम. तुझ्या पगारावर घर चालतं, हिची औषधं चालतात. मला एवढा हिशोब जमतो अजून."

"आणि आई?"

इथं त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर थांबला. "रागावली आहे. विसरेल."

"आठ दिवस झाले, त्या तुमच्याकडे बघत नाहीयेत!"

"चाळीस वर्षं बघितलंय तिनं. आठ दिवस नाही बघितलं तर काय होतंय?" ते हसले, पण ते हसणं काही जमलं नाही. "आता तू शहाण्यासारखी ऐक. बाटली बदल, टाकी रिकामी कर, दहा-बारा दिवसांत पानं सुधारतील. भिंगवाल्यांना वाटेल त्यांचंच खरं झालं. मॅनेजर खूश, मालक खूश. तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"मला विचारलंत तरी का?"

"विचारलं असतं तर तू आरडाओरडा केला असतास. आत्ता करतेयस तसा."

एवढी चीड मला भिंगवाल्यांचीही आली नव्हती. कुणी तुमच्यावर उपकार करावा, तुम्हाला न विचारता, आणि तुम्ही आठ दिवस त्याच माणसाला दोषी धरून जेवायला वाढावं! मला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते आणि ते घड्याळ भिंतीवर फेकावंसंही वाटत होतं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. दार आपटून परत मळ्यात गेले, नवी बाटली उघडली, टाकी रिकामी केली.

मॅनेजरच्या टेबलावर मी जुनी बाटली, नवी बाटली, मीटर आणि पट्ट्या ओळीनं मांडल्या आणि लहान मुलाला समजवावं तसं सगळं समजावलं. चूक माझी, रोग नाही, विषाणू नाही, माझे सासरे निर्दोष. त्याला कळलं. तो मूर्ख नाही. तो उठला, दार लावून घेतलं आणि खाली आवाजात म्हणाला, "बाटली बदललीत?"

"बदलली. टाकीही रिकामी केली."

"मग झालं तर. ताई, प्रकरण मिटलंय. मालकांना मी काय सांगू, अर्धा मळा उगाच उपटला म्हणून? बाहेरची रोपं उगाच घेतली म्हणून? भिंगवाल्यांची सही आहे अहवालावर. तुमचे सासरे स्वतः कबूल झालेत. कुणी त्यांच्या गळ्यावर सुरी नव्हती ठेवली. तुमची नोकरी शाबूत, माझी शाबूत. कशाला उकरताय?"

खरं सांगते, दोन क्षण मी गप्प उभी राहिले. दोनच, पण राहिले. आईंची औषधं माझ्या डोळ्यांसमोर आली. बाबांनी आपल्या शब्दाची पत घालवून मला दिलेली ती नोकरी होती, आणि ती घ्यायला मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. मग मला तो दारावरचा कागद आठवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर ती फाशी रोज येता-जाता माझ्याच डोळ्यांनी बघायची?

मी बाहेर मळ्याच्या दाराकडे गेले, कागद ओढून काढला, टेबलावर आपटला आणि त्यावरच्या ओळींखाली मोठ्या अक्षरात लिहिलं : वरचं खोटं आहे. पिकाला रोग नव्हता. मीटर जुळवण्याचा द्रव मी अकरा महिने परत बाटलीत ओतला, त्यामुळे पाणी आंबट झालं. माझ्या सासऱ्यांनी सिगारेट ओढलेली नाही. खाली सही केली आणि कागद परत होता तिथं चिकटवला. सगळे कामगार मांडण्यांमागून माना काढून बघत होते. बघू देत. त्या दिवशीही बघतच होते.

मॅनेजरचा चेहरा पडला. "चाव्या द्या," तो म्हणाला. "मालक ठरवतील काय ते. तोपर्यंत घरी बसा."

"बाटली जपून वापरा असं तुम्हीच म्हणायचात, हे मी लिहिलेलं नाही," मी चाव्या देत म्हणाले. "ते तुम्ही स्वतः लिहा, हिंमत असेल तर."

घरी आले तेव्हा दोघंही होते. बाबा बाहेरच्या खोलीत, आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर, नेहमीसारख्या त्यांच्याकडे पाठ करून. मी चप्पलही काढली नाही.

"आई, बाबांनी सिगारेट ओढलेली नाही."

"सूनबाई, गप्प बस," बाबा म्हणाले.

"नाही बसत! आठ दिवस तुम्ही बसवलंत तेवढं पुरे झालं." आणि मी सगळं सांगितलं. बाटली, मीटर, ठिपके, भिंगवाले, त्यांनी माझ्या वाटणीचा आळ कसा आपल्या अंगावर घेतला, मी आता कागदावर काय लिहून आले आणि चाव्या कशा देऊन आले. सांगताना मी रडत होते, पण आवाज मात्र भांडल्यासारखाच येत होता. मला वाटलं, आता आई उठतील, बाबांची गादी आत नेतील. एवढं तरी माझ्या हातून नीट होईल.

आई उठल्या. बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी बाबांच्या डोळ्यांत बघितलं.

"एकही नाही?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही," बाबा म्हणाले.

"आठ दिवस तुमचे कपडे धुवायला टाकायच्या आधी मी नाकाला लावून बघत होते," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं रागावलेलं बघितलं नव्हतं. "कॉलर, बाही, खिसा. महिन्याभराचे न धुतलेले स्वेटरसुद्धा काढले. घामाचा वास आला, साबणाचा आला. सिगारेटचा एकदाही आला नाही. मला वाटलं, फुप्फुसं गेली, आता माझं नाकही गेलं. आज जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. नाक बघा म्हटलं माझं. त्या म्हणाल्या, नाक चांगलं आहे."

"अगं, पण…" बाबा म्हणाले.

"थांबा. तुम्ही म्हणालात ओढली, म्हणून मी माझं नाक खोटं ठरवलं. तुम्ही खोटं बोलत असाल हे माझ्या मनातच आलं नाही. हिची नोकरी वाचवायला तुम्हाला माझ्याशी खोटं बोलावं लागलं, ते समजलं मला. मला आत बोलावून कानात सांगितलं असतंत तर मी तोंड उघडलं असतं का? नाही ना? मग आता मला सांगा, यापुढे तुम्ही खरं बोलाल तेव्हा मी कशावरून ओळखायचं?"

बाबांनी उघडलेल्या घड्याळाचं झाकण हातात घेतलं आणि तसंच परत खाली ठेवलं. या वेळी त्यांच्या बाजूनं ओरडायला माझ्याकडे काही नव्हतं.